औषध घशात, दमा छातीत

तुमच्या शाळेत, कदाचित तुमच्याच वर्गात, दमा असलेला एखादा विद्यार्थी असेल. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा दिवाळीत फटाक्यांचा धूर कोंदला म्हणजे त्याची छाती भरून येते, श्वास सोडताना शिटीसारखा बारीक आवाज येऊ लागतो. मग तो दप्तरातून एक लहानसा पंप काढतो, तोंडात धरून दाबतो आणि पुन्हा ठेवून देतो. काही मुलांना अशा पंपाने पाच-दहा मिनिटांत बरे वाटते. काहींना मात्र म्हणावा तसा गुण येत नाही. औषध तेच, पंप तोच, मात्राही तीच. मग असे का व्हावे?

‘त्याचा दमाच जास्त आहे’ किंवा ‘हे औषध त्याला लागू पडत नाही’ असे आपण सहज म्हणून टाकतो. कधी कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळ वेळा औषधाचा काहीच दोष नसतो. ते जिथे पोचायला हवे तिथे पोचलेलेच नसते. पंपातून निघालेला कण छातीत जायचा की घशात अडकायचा, हे ठरवतात ते जडत्व, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध. म्हणजे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलीच मंडळी! त्यांची ओळख करून घेतली म्हणजे पंप ‘असाच’ का घ्यायचा, हे पाठ करावे लागत नाही. ते आपोआप उमगते.

नळी अर्धी, अडथळा सोळापट

प्रथम दम्यात काय होते ते पाहू. घशाखाली असलेली मुख्य श्वासनलिका मोठ्या माणसात दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते. तिला दोन फांद्या फुटतात, त्यांना आणखी दोन-दोन, असे करत करत सुमारे तेवीस वेळा फाटे फुटतात. शेवटी शेवटी नळ्या अर्ध्या मिलिमीटरइतक्या बारीक होतात आणि वायुकोशांच्या घोसांत संपतात. असे वायुकोश आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी असतात.

दम्यात या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतले अस्तर सुजते आणि त्यावर चिकट स्राव साचतो. तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच, तो म्हणजे नळीचे भोक लहान होते. भोक थोडे लहान झाले तर एवढा त्रास का व्हावा? याचे उत्तर प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास दिले. बारीक नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रव्याला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे त्याला आढळले. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दोनपट नव्हे, चारपट नव्हे, तर २ × २ × २ × २ म्हणजे सोळापट होतो. खऱ्या फुप्फुसातील हवेचा प्रवाह इतका साधा नसतो. तरीही थोड्याशा सुजेने माणूस बेजार का होतो, ते यावरून कळेल.

याची उलट बाजूही लक्षात घ्या. औषधाने नळी थोडी जरी मोकळी झाली, तरी अडथळा झपाट्याने उतरतो. मात्र त्यासाठी औषध त्या नळीपर्यंत पोचले पाहिजे.

पंपातून मिळणारी औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. सॅल्ब्युटॅमॉलसारखी औषधे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतात. त्यांना आपण तात्पुरता आराम देणारी औषधे म्हणू. बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथॅसोन यांसारखी औषधे सूज कमी करतात. ती रोज, बरे वाटत असतानाही घ्यायची असतात, आणि घेतल्याबरोबर काही जाणवत नाही. येथेच मोठी मेख आहे. आराम देणारे औषध चुकीच्या पद्धतीने घेतले तर निदान ‘बरे वाटत नाही’ हे तरी कळते. सुजेवरचे औषध महिनोन् महिने नुसत्या घशाला लागत राहिले, तरी रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका मुलीचा प्रश्न

गोळी सोपी असताना हा पंपाचा खटाटोप कशाला? सॅल्ब्युटॅमॉलची मोठ्या माणसाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात हेच औषध फक्त १०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गोळीच्या चाळीसाव्या हिश्शाइतके. गोळी पोटात विरघळून, रक्तात मिसळून सगळ्या अंगभर हिंडते. हात थरथरतात, छाती धडधडते. श्वासावाटे घेतलेले औषध थेट दुखऱ्या जागी पडत असल्याने थोडेसेच पुरते आणि लवकर लागू पडते.

हा पंप जन्माला आला तो एका मुलीच्या प्रश्नातून. १९५५ पर्यंत दम्याचे औषध काचेच्या उपकरणातून, रबरी फुगा दाबून ओढावे लागे. ते अवजड असे आणि फुटेही. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या सुगंधी फवाऱ्यासारखे माझे औषध डबीतून का मिळत नाही, असे तिने वडिलांना विचारले. मेसन यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांच्या प्रयोगशाळेने काम सुरू केले, आणि १९५६ साली मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला.

या डबीच्या आत काय असते? तुमच्या घरी स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर असेल. त्यात गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. पंपातही दाबाखाली द्रव झालेला वायू असतो आणि त्यात औषधाची अतिबारीक पूड तरंगत असते किंवा औषध विरघळलेले असते. आज बहुतेक पंपांत वापरला जाणारा वायू उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे आपल्या खोलीच्या तापमानाला डबीत वातावरणाच्या सहा-सातपट दाब असतो. पूर्वी या कामासाठी क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू वापरत. ते ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाले.

डबी दाबली की झडपेतल्या इवल्याशा कप्प्यातला द्रव मोकळा होतो, क्षणात उकळतो आणि औषधासह भोकातून उसळून बाहेर पडतो. कप्पा प्रत्येक वेळी डबीतील द्रवाने भरावा लागतो, म्हणून डबीचा तळ वर आणि तोंडात धरायची बाजू खाली, असाच पंप धरायचा. औषधाची पूड ताकातल्या चोथ्यासारखी वेगळी होऊन राहते, म्हणून आधी हलवायचे. न हलवता दाबलात, तर एका फवाऱ्यात औषध कमी आणि दुसऱ्यात जास्त, असे होऊ शकते.

घाटातली बस आणि घशातले वळण

एस. टी. बसने तुम्ही घाट चढला असाल. बस वळली की उभे असलेले प्रवासी बाहेरच्या बाजूला कलंडतात. बस वळते, पण शरीराला सरळ जायचे असते. यालाच आपण जडत्व म्हणतो. बस जितकी वेगात आणि माणूस जितका जड, तितके त्याला वळवणे अवघड.

आता तोंडातून छातीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहा. जिभेवरून आत गेले की घशाशी जवळजवळ काटकोनात वळण आहे. हवा ते सहज घेते. औषधाच्या कणाचे काय? कणाला वळवण्याचे काम हवेच्या विरोधाने करायचे असते. गणित केले, तर वळणावर कण आपटण्याची शक्यता दोन गोष्टींवर ठरते: कणाच्या व्यासाचा वर्ग आणि त्याचा वेग. यांचा गुणाकार जितका मोठा, तितका कण घशावर आपटण्याचा संभव जास्त.

आकडे घालून पाहू. पंपाच्या तोंडाशी सेकंदाला १० मीटर वेगाने निघालेला ३० मायक्रॉन व्यासाचा थेंब (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्थिर हवेत थांबेपर्यंत सुमारे दोन सेंटिमीटर पुढे जातो. ३ मायक्रॉनचा कण त्याच वेगाने निघाला तरी पाव मिलिमीटरच्या आसपास गेल्यावर त्याचा स्वतःचा वेग संपतो. त्यापुढे तो हवेबरोबर वाहतो. म्हणून मोठा थेंब घशाच्या भिंतीवर आपटणार आणि लहान कण हवेबरोबर वळण घेऊन खाली जाणार.

दम्याच्या औषधाला उपयोगी कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असतात. त्याहून मोठे घशात अडतात. फारच लहान, उदबत्तीच्या धुरातल्या कणांसारखे अर्ध्या मायक्रॉनचे कण आत जातात, पण त्यांतले बरेचसे श्वासाबरोबर तसेच बाहेर येतात.

पंपातून निघालेले थेंब सुरुवातीला मोठे असतात, मग त्यांतला द्रव उडून जाऊन लहान होतात. पण त्याला वेळ लागतो, अंतर लागते. तोंडात तेवढे अंतर नाही. त्यामुळे उत्तम पद्धतीने घेतले तरी फवाऱ्याच्या बहुतेक साध्या पंपांतून साधारण दहावा ते पाचवा हिस्साच फुप्फुसात जातो. उरलेला तोंडात व घशात राहतो. आता सावकाश श्वास घेण्याऐवजी कोणी जोराने हवा खेचली तर? हवेचा वेग तिप्पट झाला, तर वळणावर आपटण्याचा गुणाकारही तिप्पट होणार. जे थोडेसे आत जाणार होते, तेही घशाला लागणार. जोरात ओढले की औषध खोल जाते, ही समजूत फवाऱ्याच्या पंपाबाबत चुकीची आहे.

वेळ साधणेही तितकेच महत्त्वाचे. आधी पंप दाबला आणि मग श्वास घेतला, तर औषध जिभेवर व टाळ्यावर पसरते. श्वास संपत आल्यावर दाबला, तर औषधाला खाली नेणारी हवाच शिल्लक नसते. श्वास सुरू होताच दाबायचे आणि दाबल्यावरही श्वास चालू ठेवायचा. काहींच्या घशाला फवाऱ्याचा गार झोत लागतो, ते दचकतात आणि तिथेच श्वास थांबवतात. उडून जाणारा द्रव आसपासची उष्णता घेतो, म्हणून तो गार लागतो. हे आधीच माहीत असले, की दचकायला होत नाही.

दहा सेकंदांची किंमत

औषध आत गेले. आता लगेच श्वास सोडला तर? कण नळ्यांतल्या हवेत तरंगत आहेत, भिंतीला अजून लागलेले नाहीत. त्यांना खाली बसवण्याचे काम गुरुत्वाकर्षणाचे आहे आणि ते सावकाश चालते. बारीक कण हवेतून ठरावीक वेगाने खाली येतात. हा वेग कसा काढायचा ते स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली दाखवले. तोही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

पाण्याइतक्या घनतेचा ५ मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे पाऊण मिलिमीटर खाली येतो. २ मायक्रॉनचा कण सेकंदाला फक्त ०.१२ मिलिमीटरच्या आसपास. नळी अर्धा मिलिमीटर रुंद आहे. २ मायक्रॉनचा कण एका सेकंदात तिच्या पाव रुंदीइतकाच उतरेल. श्वास लगेच सोडला, तर असे कितीतरी कण हवेबरोबर परत बाहेर येतील. पण श्वास १० सेकंद रोखून धरला, तर तोच कण सव्वा मिलिमीटर उतरू शकतो, म्हणजे नळीच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. तेवढ्या वेळात तो भिंतीला लागणारच. ‘मनात दहा आकडे मोजा’ असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे. दहा जमत नसतील, तर जमतील तेवढे मोजावेत.

भुकटीच्या पंपाचा उलटा नियम

आता जरा सावध राहून वाचा. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा पंपही पुष्कळ वापरतात. त्यात औषधाची कॅप्सूल घालून, ती फोडून आतली भुकटी श्वासाने ओढायची असते. रोटाहेलर हा त्यातलाच. येथे दाबाखालचा वायू नाही, झोत नाही. शक्ती लागते ती सगळी रुग्णाच्या श्वासाची.

कॅप्सूलमध्ये औषधाचे १ ते ५ मायक्रॉनचे कण दुधातल्या साखरेच्या मोठ्या कणांना चिकटलेले असतात. इतक्या लहान कणांना वजन जवळजवळ नसतेच. पण रेणूंमधील आकर्षणामुळे ते एकमेकांना घट्ट धरून राहतात. गव्हाचे पीठ चाळणीला चिकटते आणि रवा मात्र सहज गळतो, तसेच हे. कणांची ही पकड सोडवायला हवेचा खळबळता, वेगवान प्रवाह हवा. म्हणून भुकटीचा पंप पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचा असतो. सावकाश ओढल्यास औषध साखरेलाच चिकटून राहते आणि तिच्याबरोबर घशात जाते.

थोडक्यात, फवारा सावकाश, भुकटी जोरात. घरात दोन्ही पंप असले, किंवा डॉक्टरांनी एकाऐवजी दुसरा दिला, तर जुनी सवय नव्या पंपाला लावली जाते आणि औषध वाया जाते.

भुकटीच्या पंपात फुंकर मारू नये. उच्छ्वासातील बाष्पाने भुकटी ओली होऊन तिचे गोळे बनतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर कॅप्सूल आयत्या वेळीच वेष्टनातून काढावी. आणि ही कॅप्सूल गिळायची नसते! हे सांगायला नको असे वाटेल; पण श्वासावाटे घ्यायच्या कॅप्सूल लोक गिळत असल्याचे आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००८ साली तसा जाहीर इशारा द्यावा लागला होता.

किती जण चुकतात?

१९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांत जगभर झालेल्या १४४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात चोपन्न हजारांहून अधिक रुग्णांची पद्धत पाहिलेली होती. बरोबर पद्धत आढळली फक्त ३१ टक्के वेळा. तितक्याच वेळा ती वाईट होती. फवाऱ्याच्या पंपात दाबणे व श्वास यांची वेळ न जुळणे, श्वासाचा वेग किंवा खोली चुकणे आणि श्वास रोखून न धरणे या तीन चुका प्रत्येकी ४५ टक्क्यांच्या आसपास आढळल्या. भुकटीच्या पंपात सर्वांत जास्त आढळलेली चूक म्हणजे ओढण्यापूर्वी श्वास पूर्ण न सोडणे. आणि चाळीस वर्षांत या परिस्थितीत सुधारणा नाही! पंप बदलले, औषधे सुधारली. वापरण्याची पद्धत मात्र होती तिथेच राहिली.

याचा परिणाम काय होतो? फ्रान्समध्ये सुमारे चार हजार रुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. फवाऱ्याचा पंप ७१ टक्के लोक चुकीचा वापरत होते, आणि त्यांचा दमा बरोबर वापरणाऱ्यांच्या मानाने अधिक अस्थिर होता. इटलीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दमा आणि फुप्फुसांचे इतर जुनाट विकार असलेले रुग्ण होते. पंप चुकीचा वापरणाऱ्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, तातडीचे उपचार लागणे, पोटातून स्टिरॉइड घ्यावे लागणे हे सारे जास्त आढळले.

विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून तुम्ही येथे हरकत घ्यायला हवी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्यांचा दमा मुळात तीव्र, त्यांनाच पंप नीट घेणे जमत नसेल कशावरून? याचा निकाल प्रयोगानेच लागतो. ऑस्ट्रेलियात असा प्रयोग झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना औषधाच्या दुकानातील प्रशिक्षित औषधविक्रेत्यांनी पद्धत करून दाखवली, त्यांच्याकडून करून घेतली आणि पुढच्या भेटींत पुन्हा तपासली. एका वेळेला सरासरी अडीच मिनिटे लागली. तुलनेसाठी घेतलेल्या इतर रुग्णांपेक्षा या रुग्णांची पद्धत तर सुधारलीच, पण दमाही अधिक आटोक्यात आला.

आता असा मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो पंप नेमाने घेतो, पण चुकीचा. दमा आटोक्यात येत नाही. डॉक्टर मात्रा वाढवतात. घशात साचणारे स्टिरॉइडही वाढते. आवाज बसतो, जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात. घरचे म्हणतात, ‘पंप बाधला, बंद करा.’ मग सुजेवरचे औषध सुटते आणि नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर दिवस ढकलले जातात. हे धोक्याचे आहे. दम्यावरील उपचारांचे जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ पासून बारा वर्षांवरील कोणालाही केवळ तात्पुरत्या आरामाच्या औषधावर ठेवू नये, असे सांगितले आहे. खेळाचा तास बुडतो, सहल बुडते, परीक्षेच्या आदल्या रात्री रुग्णालय गाठावे लागते. आणि मुळात चूक होती ती श्वासाच्या वेगाची!

पंपाची सवय लागते, ही समजूतही सोडून द्यायला हवी. चष्मा लावला म्हणून डोळ्यांना चष्म्याची चटक लागत नाही. नंबर असतो म्हणून चष्मा लागतो. पंपाचेही तसेच.

मधला डबा

दाबणे आणि ओढणे यांची वेळ लहान मुलांना, वृद्धांना आणि धाप लागलेल्या कोणालाही साधत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे स्पेसर. हा प्लॅस्टिकचा पोकळ डबा असतो. एका टोकाला पंप बसतो, दुसरे टोक तोंडात. फवारा आधी डब्यात सुटतो. तेथे झोताचा वेग मंदावतो, थेंबांतला द्रव उडून ते लहान होतात, आणि मोठे थेंब घशाऐवजी डब्याच्या भिंतीवर बसतात. वेग कमी, व्यास कमी. म्हणजे आपला तो गुणाकार दोन्ही बाजूंनी लहान झाला. अगदी लहान मुलांसाठी त्याला मुखवटा जोडतात.

हा डबा महागच हवा असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनमध्ये दम्याचा झटका आलेल्या मुलांवर केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. थंड पेयाच्या ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे भोक पाडून, सांधा बंद करून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. नुसता पेला मात्र उपयोगी ठरला नाही. अडचणीच्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने असा स्पेसर वापरता येतो.

स्पेसरची एक गंमत ध्यानात ठेवा. फणी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. प्लॅस्टिकचा स्पेसर फडक्याने पुसला की त्यावरही तसाच विद्युत्भार येतो आणि औषधाचे कण भिंतीकडे ओढले जातात. म्हणून तो साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न पुसता हवेवरच वाळवायचा.

करून पाहा

नळाचा काटकोनी जोड, कपड्यांवर पाणी मारायचा फवारा, टिपकागद, थोडी शाई आणि बूड कापलेली ५०० मिलिलिटरची बाटली घ्या. जोडाच्या वळणावर आतून टिपकागद बसवा. शाईचे पाणी फवाऱ्यात भरून जोडाच्या तोंडाशी एकदा दाबा. कागद काढून डाग पाहा. आता नवा कागद बसवा, बाटलीचे तोंड जोडाला लावा आणि बुडाच्या बाजूने तेवढाच एक फवारा मारा. बाटलीच्या भिंती रंगतील. वळणावरचा डाग पुष्कळ कमी असेल. बाटलीने काय काम केले, ते कोणी न सांगता कळेल. हा प्रयोग पाण्यानेच करा. खरे औषध त्यासाठी वाया घालवू नका, आणि कोणाचा पंप गंमत म्हणून घेऊ नका.

फवाऱ्याचा पंप घेताना

१. टोपण काढा, आत काही अडकले नाही ना ते पाहा, पंप चांगला हलवा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप आधी हवेत दाबून घ्या. किती वेळा ते माहितीपत्रकात दिलेले असते.
२. ताठ बसा किंवा उभे राहा. पंपापासून तोंड बाजूला ठेवून श्वास पूर्ण सोडा. भांडे रिकामे असेल तरच भरेल.
३. पंपाचे तोंड दातांच्या मध्ये ठेवून ओठ घट्ट मिटा. जीभ आड येऊ देऊ नका.
४. तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा, त्याच क्षणी एकदाच दाबा आणि सावकाशच पूर्ण श्वास घ्या.
५. तोंड मिटून मनात दहा मोजा.
६. दुसरा फवारा सांगितला असेल, तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा आणि सगळे पहिल्यापासून करा. दोन फवारे एकदम मारू नका.
७. औषध स्टिरॉइडचे असेल, तर चूळ भरून गुळण्या करा आणि पाणी थुंका.

पंपात किती औषध उरले, हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून खात्रीने कळत नाही. गॅसच्या सिलिंडरप्रमाणे आतला दाब द्रव संपेपर्यंत तसाच राहतो, आणि औषध संपल्यावरही काही काळ नुसता वायू सुटत राहतो. पंपावर आकडे दाखवणारे मोजयंत्र असेल, तर ते पाहा. नसेल तर हिशेब ठेवा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज ४ फवारे घेतल्यास ५० दिवस पुरेल. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवली, की काम झाले.

धाप इतकी लागली की एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसू लागले किंवा आराम देणारे औषध घेऊनही उतार पडत नाही, तर पद्धतीचा विचार करत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

तुम्हाला स्वतःला दमा असेल किंवा घरात आजी-आजोबांना असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना पंप बरोबर न्या. ‘घेता येतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा आणि कुठे चुकते ते विचारा. शिकलेली पद्धत काही महिन्यांत पुन्हा बिघडते, म्हणून दर भेटीत असे करा. मात्रा वाढवण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे. पण दिलेली मात्रा छातीपर्यंत पोचते की नाही, हे पाहणे तुमच्या हातात आहे.